एक जागा, दोन अर्ज

बारा वर्षांच्या सरकारी नोकरीत दुसरी कोणती विद्या मी संपादन केली असेल वा नसेल, परंतु अर्ज वाचण्याची विद्या मात्र मला साध्य झाली आहे, असे मी नम्रपणे म्हणू शकतो. पहिल्या परिच्छेदात मनुष्य आपली सेवा सांगतो, दुसऱ्यात आपले दुःख सांगतो आणि तिसऱ्यात, जणू काही आत्ताच सुचले अशा थाटात, जे हवे आहे ते मागतो. शेवटी 'सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा' हे पालुपद असतेच. शेकडो अर्ज माझ्या हाताखालून गेले. त्यांत भाषेचा फरक फारसा आढळला नाही. अर्जाचा जीव असतो तो सहपत्रांत. दाखला जोडला असेल तर दुःख खरे. नसेल तर ते दुःख 'अपूर्ण' असा शेरा घेऊन परत येते.

मनुष्य देवाकडे मागतो तेव्हा तोही एक अर्जच करीत असतो, हा विचार मला पूर्वीही सुचला होता. परंतु त्याची टोचणी लागली ती गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात. त्याची हकीकत सांगावयाची आहे. तीत माझी शोभा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी चिकपेटेत एका रेशमी साड्यांच्या दुकानावरील माडीवर राहतो. चिक्कपेटे म्हणजे धाकटी पेठ; जवळच्या ॲव्हेन्यू रोडचे जुने नाव दोड्डपेटे, म्हणजे थोरली पेठ. 1638 साली विजापूरकरांनी हे बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. तेव्हा मराठी माणसाची या गावी नेमणूक होण्याची परंपरा पावणेचारशे वर्षांहून जुनी आहे. शहाजीराजांनी 'घरगुती अडचणींमुळे पुण्यास बदली व्हावी' असा अर्ज केल्याचे मात्र माझ्या वाचनात नाही.

सकाळी मी जिना उतरतो तेव्हा खालचे शेठजी दुकान उघडून दिवा लावीत असतात. दिवा लावून झाला की ते गल्ल्याला हात लावतात आणि तोच हात डोळ्यांना लावतात. त्यांचे मागणे उघड आणि स्वच्छ असते: गिऱ्हाईक येऊ दे, बोहनी चांगली होऊ दे. समोरचे दुकानदारही तेच मागत असतात, आणि गिऱ्हाईक तर एकच असते! परंतु यात काही विपरीत आहे असे त्या गल्लीत कोणास वाटत नाही. पुढे ॲव्हेन्यू रोडवर दुकानांच्या गर्दीत राइस मेमोरियल चर्च आहे. लंडन मिशनचे बेंजामिन राइस सुमारे अर्धशतक या गावात राबले, त्यांच्या नावाचे हे चर्च. म्हैसूर संस्थानातील शिलालेख गोळा करून छापणारे बी. एल. राइस हे त्यांचेच चिरंजीव. रविवारी तेथून कानडी गीतांचे सूर ऐकू येतात. तेथील मंडळी काय मागत असतील, हा प्रश्न मला त्या सप्टेंबरपर्यंत कधी पडला नव्हता.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. पुण्याच्या कार्यालयात आमच्या पदाची एक जागा रिकामी झाल्याचे परिपत्रक आले. एकच जागा, इच्छुकांनी 15 सप्टेंबरपर्यंत अर्ज करावेत. बदलीच्या नोकरीत असलेल्या वाचकांस अशा परिपत्रकाने छातीत काय होते हे सांगावयास नको. माझी आई साताऱ्यास असते. तिचे गुडघे गेले आहेत आणि एका डोळ्याने दिसेनासे झाले आहे. पत्नी तेथेच शाळेत शिकविते, त्यामुळे आईचे आणि आमच्या मुलीचे सारे तीच पाहते. मी महिन्या-दोन महिन्यांनी पाहुण्यासारखा जातो. पुणे मिळाले असते तर दर शनिवारी घरी पोहोचलो असतो. मी त्याच दिवशी अर्ज केला.

दुसरा अर्ज आमच्या मास्तरांचा आला.

मास्तर हे त्यांचे आडनाव नव्हे. वडील नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत शिक्षक होते आणि स्वतः बोलतानाही ते फळ्यासमोर उभे असल्यासारखे बोलतात, म्हणून कार्यालयाने दिलेले हे नाव. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी वडील. ख्रिस्ती मराठी कुटुंबातले. अमेरिकन मराठी मिशनने नगरास जी मंडळी उभी केली तीतले. रेव्हरंड टिळकांचा विषय निघाला की त्यांचा चेहरा खुलतो. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आपल्या देवासाठी अभंग व कीर्तने रचली, हे ते अशा सुरात सांगतात की टिळक त्यांच्या शेजारीच राहत होते असे वाटावे. आमच्या शाखेत मराठी बोलणारे आम्ही दोघेच. पाच वर्षे डबा एकत्र खाल्ला. त्यांच्या पत्नी पुण्यास आपल्या भावाकडे होत्या, एवढे मला ठाऊक होते. त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले असून आठवड्यातून दोन वेळा डायालिसिस करावे लागते, हे मला त्यांच्या अर्जावरून कळले. मास्तर स्वतःचे दुःख डब्याबरोबर उघडणाऱ्यांपैकी नव्हते.

अर्जांची छाननी माझ्याकडे नव्हती, परंतु आवक नोंदवही माझ्याकडे होती. 4 सप्टेंबरला मास्तरांचा अर्ज मी नोंदवून घेतला. अर्जाखाली लिहिले होते: 'सहपत्र: वैद्यकीय प्रमाणपत्र'. मी पान उलटले. प्रमाणपत्र जोडलेले नव्हते. आता सारे कामकाज संगणकावर गेले असले तरी असल्या दाखल्यांचा मूळ कागदच मागतात, आणि तो मुदतीत न आल्यास अर्ज अपूर्ण ठरतो. अशा वेळी आवक कारकुनाने 'सहपत्र प्राप्त नाही' असा शेरा मारून अर्जदारास कळवावे, अशी रीत आहे. मास्तर माझ्यापासून चार टेबलांवर बसलेले होते. मी मान वर करून हाक मारली असती तरी पुरे होते. मी क्रमांक घातला, तारीख घातली आणि कागद पुढे ढकलला. शेरा मारला नाही. खोटेही काही लिहिले नाही. कागदोपत्री पाहिले तर माझ्या हातून काहीच घडले नव्हते.

यानंतर चार दिवसांनी मी देवाकडे गेलो, आणि तेही मास्तरांच्या देवाकडे!

आमच्या येथील शिवाजीनगरात (हे नाव ऐकून मराठी माणसास परगावी जे बरे वाटते ते मलाही वाटते) सेंट मेरीचे मोठे चर्च आहे. 1882 च्या 8 सप्टेंबरला त्याच्या आजच्या इमारतीचे विधिपूर्वक समर्पण झाले. 1974 साली त्याला बॅसिलिकेचा मान मिळाला. 29 ऑगस्टला ध्वज चढतो आणि 8 सप्टेंबरला, मेरीच्या जन्मदिनी, रथ निघतो. मेरीला साडी नेसवलेली असते. भगवी वस्त्रे नेसलेले यात्रेकरू दुरून येतात. त्यांत तमिळ असतात, कानडी असतात, आणि कपाळावर कुंकू असलेल्या बायाही पुष्कळ असतात. मला तेथे परके वाटले नाही. लहानपणी मामांकडे मुंबईस गेलो असता वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा मी पाहिली होती. तेथे मेणाचे हात, पाय, डोळे, मेणाची घरे आणि मेणाची बाळे विकावयास ठेवलेली होती. ज्याचा पाय दुखतो त्याने मेणाचा पाय वाहावयाचा, ज्याला घर हवे त्याने मेणाचे घर. मामा म्हणाले होते, "अरे, हा छापील अर्ज आहे. नुसते नाव घालायचे." माहीमच्या चर्चमध्येही 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना चालते, आणि लोकांनी लिहून दिलेल्या मागण्या व आभारांची पत्रे तेथे वाचली जातात. नवस ही गोष्ट एका धर्माची मिरासदारी नाही, हे आपणास आपल्या गावच्या जत्रांवरूनही ठाऊक असते.

मी वीस रुपयांची मेणबत्ती घेतली. गर्दीत ढकलला जात जात ती लावली. डोळे मिटले आणि मागितले: पुणे. एवढाच एक शब्द. परंतु त्या शब्दाच्या मागे एक वाक्य उभे होते, ते मी ओठांवर येऊ दिले नाही. ते वाक्य असे: आणखी सात दिवस मास्तरांचे लक्ष त्या प्रमाणपत्राकडे जाऊ नये. देवाला न बोललेले ऐकू येत असेल, तर त्या दिवशी त्याने माझी खरी प्रार्थना तीच ऐकली.

डोळे उघडले तेव्हा माझ्या शेजारी एक म्हातारी गुडघे टेकून हुंदके देत होती. तिचेही काही मागणे असणारच. मला मात्र आपण तेथे रांगेत मध्येच घुसलो आहोत असे वाटले आणि मी लगबगीने बाहेर आलो.

पुढच्या रविवारी मास्तरांनी मला त्यांच्या घरी बोलाविले. बानसवाडीला पाच-सहा मराठी ख्रिस्ती कुटुंबे महिन्यातून एकदा जमतात. त्या वेळी यजमानपण मास्तरांकडे होते. "घरात बाईमाणूस नाही, पण बायका डबे घेऊन येतील. भाकरी-भरीत आहे, या," असे त्यांनी सांगितले. भाकरी-भरीत म्हटल्यावर नाही म्हणणे मला जड गेले, आणि नाही म्हणण्यास सांगण्यासारखे कारणही नव्हते. पेटी होती, तबला होता. मंडळी खाली सतरंजीवर बसली. टिळकांची दोन पदे म्हटली गेली. डोळे मिटले असते तर आमच्याकडचे गुरुवारचे भजन चालले आहे असे वाटले असते. मग एका वृद्ध बाईंनी शास्त्रातील उतारा वाचला. नंतर ज्याने त्याने आपापली विनंती सांगावयाची असते. कोणाच्या मुलीचे लग्न जमत नव्हते. कोणाला घराचे कर्ज मंजूर व्हावयास हवे होते. एका मुलाने बारावीच्या गणिताची विनंती केली, तेव्हा त्याची आईच हसली. हे सारे उघड्यावर, सर्वांच्या देखत! माझ्यासारख्या गाभाऱ्यात ओठ न हलविता मागणाऱ्या माणसाला ते थोडे संकोचाचेच वाटले.

शेवटी मास्तरांनी प्रार्थना केली. एकेकाची विनंती त्यांनी घेतली, गणितसुद्धा. आपल्या पत्नीचे नाव घेताना ते थांबले. मग पुढे गेले. आणि मग म्हणाले की, आज आपल्यात एक पाहुणे आहेत, त्यांच्या मातोश्री साताऱ्यास आहेत, त्यांच्या गुडघ्यांना आणि डोळ्यांना तू आराम दे. आईच्या गुडघ्यांविषयी मी कधी तरी डबा खाताना बोललो असेन. डावा डोळा गेला आहे हेही त्यांच्या लक्षात होते. त्यांनी 'डाव्या' असे म्हटले. सर्वांनी 'आमेन' म्हटले. मी म्हटले नाही. मला बोलताच येईना.

त्यांनी पुण्याचा उल्लेख केला नाही, हेही माझ्या लक्षात आल्यावाचून राहिले नाही. स्वतःसाठीही केला नाही आणि माझ्यासाठीही केला नाही.

रात्री ते मला बसथांब्यापर्यंत पोहोचवावयास आले. बसला उशीर होता. मी आडवळणाने विषय काढला. म्हटले, "मास्तर, कर्ज, लग्न, गणित, असले आपापल्या लाभाचे देवाकडे मागावे का? आमच्याकडे निष्काम भक्तीचा फार महिमा आहे."

मास्तर म्हणाले, "तुमच्या गीतेत चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत ना? त्यांत अर्थार्थी आहेच की. त्याला हाकलून कुठे दिले आहे?"

हे खरे होते. आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. ज्ञान्याला श्रेष्ठ म्हटले तरी चौघांनाही भगवंताने उदार म्हटले आहे. माझी आई वारकऱ्यांच्या घरातली. ती नेहमी सांगते, "मी पांडुरंगाजवळ काही मागत नाही. नुसते कानावर घालते." सरकारी भाषेत हे 'माहितीसाठी सविनय सादर' झाले. परंतु ती जे कानावर घालते त्यात माझी बदली दर खेपेस असते.

मास्तरांनी मग दोन भावांची गोष्ट काढली. येशूच्या शिष्यांत जब्दीचे दोन मुलगे होते, याकोब आणि योहान. त्यांनी येशूला गाठून सांगितले की, तू राज्यावर बसशील तेव्हा आम्हांपैकी एकाला तुझ्या उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. मार्कने लिहिले आहे की हे त्यांनी स्वतः मागितले. मत्तयाने मात्र त्यांच्या आईला पुढे केले आहे. मी म्हटले, "वशिला." मास्तर हसले. येशूने त्यांना विचारले की, आपण काय मागतो आहो हे तुम्हांला कळते का, माझ्या वाट्याचा प्याला तुम्हांला पिता येईल का. आणि त्या जागा देणे माझ्या हाती नाही, असेही सांगितले. हे कळल्यावर बाकीचे दहा शिष्य त्या दोघांवर संतापले.

"का संतापले असतील?" मास्तरांनी फळ्यासमोरच्या सुरात विचारले.

"त्या दोघांचा स्वार्थ पाहून."

"छे! तोच अर्ज त्या दहांच्याही खिशात होता म्हणून."

बस येत नव्हती. मी सावधपणे म्हटले, "म्हणजे स्वतःसाठी मागणे वाईटच ठरले."

"तसे असते तर बरे झाले असते, हिशेब सोपा झाला असता," मास्तर म्हणाले. "पण लूकमध्ये दुसरी गोष्ट आहे. दोन माणसे मंदिरात प्रार्थनेला गेली. एक परूशी, धर्म कसोशीने पाळणारा. आणि एक जकातदार, तुमच्या-माझ्यासारखा सरकारी नोकर, फक्त लाच खाणारा. परूश्याने स्वतःसाठी काहीएक मागितले नाही, पाहून ठेवा! त्याने नुसते आभार मानले, मी त्या जकातदारासारखा नाही म्हणून. जकातदाराने मात्र फक्त स्वतःसाठी मागितले: दया कर. आणि पदरात पाडून गेला तो जकातदारच. निष्काम माणूस रिकाम्या हाताने घरी गेला."

मी गप्प राहिलो. त्याच शुभवर्तमानात त्या विधवेचीही गोष्ट आहे, जी एका बेपर्वा न्यायाधीशाकडे रोज जाऊन त्याला पिडते आणि अखेर तो कंटाळून तिचा न्याय करतो. प्रार्थना कशी चिकाटीने करावी हे सांगण्यासाठी ती गोष्ट योजिली आहे. स्मरणपत्रांचे माहात्म्य इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणत्या धर्मग्रंथात सांगितले असेल असे मला वाटत नाही. येशूने स्वतःही पकडले जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत आधी हेच मागितले की, हा प्याला माझ्यापासून टळो. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे त्यानंतर.

"मग अडते कुठे, मास्तर?"

ते थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. "येशूने शिकविलेली जी प्रार्थना आम्ही रोज म्हणतो ना, तीत 'मी' नाही, 'मला' नाही. बाप म्हणायचा तो आमचा, भाकरी मागायची ती आम्हांला, क्षमा मागायची तीही आम्हांला. खोलीत एकटा बसून म्हटली तरी 'आम्हांला' म्हणावे लागते. माझी आजी केडगावच्या मुक्तिसदनात वाढली. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या शेकडो मुली तेथे आणल्या; धान्य हवे, विहिरीला पाणी हवे, असे त्या देवाकडे अगदी नेमके मागत. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे त्यांनी वाचले होते. तो अनाथ मुलांसाठी माणसांपुढे हात पसरत नसे, फक्त प्रार्थना करी." (म्यूलरचे वार्षिक अहवाल मात्र नेमाने छापून निघत, हे मला पुढे वाचनात आढळले. सहपत्रांची आवश्यकता त्यालाही पटली असावी.) "रमाबाईंचे मागणे मोठे होते, पण ते 'आम्हांला' होते. माझी तर भाकरी एकच आहे आणि तीही दुसऱ्याच्या ताटातली असू शकते. 'आम्हांला' म्हटले की त्या 'आम्हां'त तुम्ही येता. ही मोठी अडचण आहे हो!"

तेवढ्यात बस आली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असे लिहिले तर वाचकांस समाधान होईल; परंतु मला झोप लागली. पहाटे जाग आली ती मेट्रोचे स्थानक उघडण्याच्याही आधी. मी मनाशी युक्तिवाद करून पाहिला. प्रार्थनेने काही होत नाही, असा एक पक्ष आहेच. फ्रान्सिस गॉल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1872 साली आकडे मांडून दाखविले होते की, ज्या राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी इंग्लंडच्या चर्चांतून नित्य प्रार्थना होते, त्या घराण्यांतले पुरुष इतर सुस्थितीतल्या वर्गांहून अल्पायुषीच ठरतात. (मास्तरांना हे मी पुढे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "परिपत्रकानुसार केलेली प्रार्थना ती!") समजा, गॉल्टनचेच खरे. वीस रुपयांच्या मेणबत्तीने पुण्याची जागा मिळत नाही. परंतु प्रमाणपत्राविषयी मौन पाळल्याने मात्र ती मिळण्याचा संभव होता. मग मी मेणबत्ती लावावयास गेलो तो कशासाठी? मला जागा मागावयाची नव्हती. मी जे करीत होतो त्यात देवाला भागीदार करून घ्यावयाचे होते. जागा मिळाली असती तर ती आपल्या हिकमतीने मिळाली असे न म्हणता, देवाने दिली असे म्हणता आले असते. आईनेही पेढे ठेवले असते.

मास्तरांनी त्या सभेत माझ्या बदलीसाठी प्रार्थना केली असती, तर मी त्यांना ढोंगी ठरविले असते आणि सुखाने गप्प राहिलो असतो. परंतु आईचा डावा डोळा! त्या तपशिलापुढे माझे काही चालेना.

सोमवारी डबा उघडण्यापूर्वी मी त्यांना सांगितले, "मास्तर, तुमच्या अर्जाला प्रमाणपत्र जोडलेले नाही. उद्या मुदत संपते."

त्यांचा घास हातातच राहिला. "नाही कसे? मी जोडले होते..." मग त्यांना आठवले, प्रत काढावयास म्हणून ते बाजूला ठेवले होते ते टेबलाच्या खणातच राहिले. ते उठले, दोन पावले गेले आणि परत वळले.

"तुम्हांला केव्हा कळले?"

"चार तारखेला."

त्यांनी मनात मोजले असावे. दहा दिवस, रविवार, भाकरी-भरीत. ते काही बोलले नाहीत. मूळ प्रमाणपत्र घेऊन ते साहेबांकडे गेले, आणि मी नोंदवहीत त्या दिवसाच्या तारखेने 'सहपत्र प्राप्त' असे लिहिले. आमचे डबे त्या दिवशी तसेच राहिले. पुढचे दोन दिवस ते कार्यालयातील कानडी मंडळींबरोबर जेवले. मला ते लागले. न लागून कसे चालेल?

तिसऱ्या दिवशी ते डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. बसले. मेणबत्तीची हकीकत मी सांगून टाकली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "केवढ्याची होती?"

"वीस रुपयांची."

"माझे बिनखर्चाचे," ते म्हणाले. "तुम्हांला वाटले असेल, मास्तरांनी तुमच्या आईसाठी किती मनापासून मागितले. तर ऐका. तुमचा अर्ज आला आहे हे मला ठाऊक होते. प्रार्थनेत तुमच्यावर आलो तेव्हा सरळ पुढचे वाक्य होते, यांना पुणे मिळू दे. ते माझ्याच्याने म्हणवेना. बायको डोळ्यांपुढे आली. बरे, मला मिळू दे म्हणावे, तर तुम्ही समोर मांडी घालून बसलेले. मग मी गुडघ्यांवर आलो. गुडघे मागायला सोपे होते. त्यांत माझे काही जात नव्हते."

एवढे बोलून त्यांनी डब्याचे झाकण उघडले आणि मला लोणचे वाढले.

नोव्हेंबरात आदेश निघाला. जागा मास्तरांना मिळाली. मला आनंद झाला असे मी म्हणणार नाही. आदेशाची नोंद मलाच करावयाची होती आणि क्रमांक घालताना माझा हात जड झाला होता, हे खरे आहे. आपण सांगितले नसते तर, हा विचार त्यानंतर अनेक दिवस, विशेषतः शनिवारी संध्याकाळी, चिकपेटेतल्या माडीवर एकटाच बसलो असता येत असे. अजूनही येतो. आईला मी फोनवर एवढेच सांगितले की, जागा दुसऱ्यास गेली, त्याची बायको फार आजारी आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बरं झालं हो तिचं. पण तुझंही मी कानावर घातलेलं आहे." तिच्या या दोन वाक्यांच्या मध्ये जो 'पण' आहे, तो मला फार आवडतो.

मास्तर गेले त्या दिवशी मी त्यांना पोहोचवावयास रेल्वे स्थानकावर गेलो होतो. गाडी सुटेपर्यंत आम्ही डब्यांविषयीच बोललो. दर महिन्याला त्यांचा फोन येतो. वहिनींचे डायालिसिस चालूच आहे. आता ते स्वतः बरोबर जातात, एवढाच फरक. तेथेही त्यांनी प्रार्थनेची मंडळी जमविली आहे. गेल्या खेपेस ते म्हणाले की, तुमच्या बदलीसाठी आम्ही सर्वजण मागत असतो.

मला राहवले नाही. विचारले, "पुण्याचे नाव घेऊन मागता का, मास्तर? की अजून गुडघेच?"

फोनवर त्यांचे ते फळ्यासमोरचे हसणे ऐकू आले. "नाव घेऊन मागतो हो! आता मागायला काय जाते? आता माझी जागा पक्की आहे."